माहिती-समाजातील प्रदेशांची प्रगती कशी मोजावी?

एखाद्या तालुक्यात पाऊस किती पडला हे सांगावयाचे असल्यास पर्जन्यमापकाकडे पाहिले म्हणजे पुरते. परंतु त्याच तालुक्यात माहितीचा प्रसार किती झाला असे कोणी विचारले, तर उत्तर देणारे एकच उपकरण आपणाजवळ नाही. शेतकऱ्यास सातबाराचा उतारा, विद्यार्थ्यास परीक्षेचा निकाल, व्यापाऱ्यास बाजारभाव आज इंटरनेटवरून मिळू शकतो. ज्या समाजाचे शिक्षण, व्यवहार व राज्यकारभार अशा रीतीने माहितीच्या देवघेवीवर अवलंबून असतात, त्यास माहिती-समाज म्हणतात. एखादा प्रदेश या वाटेवर कोठवर आला आहे हे दाखविणारी जी संख्या, तिला दर्शक असे म्हणू. प्रगती स्वतः डोळ्यांना दिसत नाही. दर्शक तिची केवळ खूण असतो. खूण चुकीची निवडली तर अनुमानही चुकते.

सर्वांत जुना व सोपा दर्शक म्हणजे दूरध्वनी-घनता. दर शंभर लोकांमागे दूरध्वनीच्या जोडण्या किती, हे तो सांगतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण हे आकडे वेळोवेळी प्रसिद्ध करते. २०१९ च्या सुमारास ही घनता बिहारमध्ये साठाच्या आसपास, तर दिल्लीत दोनशेहून अधिक होती. शंभर माणसांमागे दोनशे जोडण्या! दिल्लीतील तान्हे मूलही दोन दूरध्वनी बाळगते असा याचा अर्थ नव्हे. पहिले कारण उघड आहे. अनेकांजवळ दोन सिमकार्डे असतात, आणि मोजले जाते ते कार्ड, माणूस नव्हे. दुसरे कारण अधिक बोधप्रद आहे. दूरसंचाराच्या दृष्टीने आखलेल्या दिल्ली क्षेत्रात गाझियाबाद, नोएडा, फरीदाबाद व गुरुग्राम येथील ग्राहकही मोडतात. परंतु भागावयाची लोकसंख्या मात्र केवळ दिल्ली राज्याची घेतली जाते. म्हणजे अपूर्णांकाचा अंश एका प्रदेशाचा आणि छेद दुसऱ्या, लहान प्रदेशाचा. गणित बरोबर असूनही उत्तर फसवे होते. पावसाची बेरीज चार तालुक्यांची करावी आणि भागाकार तीन तालुक्यांनी करावा, तसाच हा प्रकार.

महाराष्ट्राच्या बाबतीतही क्षेत्राची सीमा व राज्याची सीमा एक नाही. मुंबई हे स्वतंत्र दूरसंचार क्षेत्र आहे आणि उर्वरित महाराष्ट्राबरोबर गोव्याची गणना होते. हे ध्यानात न घेता दोन प्रदेशांची तुलना करणे व्यर्थ होय.

या अडचणीवर एक उपाय असा की, जोडण्या न मोजता कुटुंबे मोजावीत. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ६३ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी आढळला. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होते. इंटरनेटसह संगणक असलेली कुटुंबे मात्र २०११ सालीही शंभरात तीनच होती. ही मोजणी अधिक विश्वसनीय आहे, कारण येथे अंश व छेद एकाच गणनेतून येतात. तथापि कुटुंबाच्या भिंतीआड काय चालते ते तिला दिसत नाही. २०२० साली साथीमुळे शाळा बंद झाल्या व पाठ मोबाइलवरून येऊ लागले, तेव्हा ही उणीव तीव्रतेने जाणवली. वडील मोबाइल घेऊन कामावर गेले आणि घरी तीन भावंडे उरली, तरी तक्त्यात ते कुटुंब ‘मोबाइल असलेले’ म्हणूनच नोंदले जाणार. अशा घरातील मुलांपर्यंत पाठ पोहोचला की नाही, हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही.

म्हणून व्यक्तीस विचारावे लागते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्री-पुरुषांना, आपण कधी इंटरनेट वापरले आहे काय, असा प्रश्न केला गेला. देशभरात पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी होकार दिला, स्त्रियांपैकी केवळ ३३ टक्क्यांनी. गोव्यात स्त्रियांचे प्रमाण ७४ टक्क्यांच्या जवळ, महाराष्ट्रात ३८, तर बिहारमध्ये सुमारे २१ होते. गोवा व महाराष्ट्र शेजारी असूनही हे अंतर पडते, आणि दूरध्वनी-घनतेच्या तक्त्यात तर ते शोधूनही सापडले नसते, कारण तेथे दोघांची मोजणी एकत्रच होते. मात्र ‘कधी तरी’ व ‘गेल्या तीन महिन्यांत’ हे दोन प्रश्न भिन्न आहेत. आंतरराष्ट्रीय मोजणीत बहुधा दुसरा विचारतात. तेव्हा दोहोंची उत्तरे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये.

अनेक दर्शक झाले की त्यांचा एक निर्देशांक करण्याचा मोह होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००९ साली असा निर्देशांक प्रथम प्रसिद्ध केला. त्यात साधनांची उपलब्धता, त्यांचा वापर आणि लोकांचे कौशल्य या तीन अंगांना अनुक्रमे ४०, ४० व २० टक्के भार दिला होता. प्रत्येक दर्शकाला एका आदर्श मूल्याने भागावयाचे. उदाहरणार्थ, शंभर लोकांमागे १२० मोबाइल हे आदर्श धरल्यास, ८४ मोबाइल असलेल्या प्रदेशास ०.७० गुण मिळतात.

आता दोन काल्पनिक तालुके घेऊ. पहिल्यात उपलब्धता ०.८, वापर ०.३, कौशल्य ०.५, दुसऱ्यात उपलब्धता ०.५, वापर ०.६, कौशल्य ०.५. भार लावून बेरीज केली तर पहिल्याचे ०.३२ + ०.१२ + ०.१० आणि दुसऱ्याचे ०.२० + ०.२४ + ०.१०. दोहोंचे उत्तर ०.५४! निर्देशांकाच्या दृष्टीने दोन्ही तालुके सारखे. परंतु पहिल्यात तारा पोहोचल्या आहेत व माणसे त्या वापरीत नाहीत, दुसऱ्यात लोक उत्सुक आहेत व साधने अपुरी आहेत. सरकारी निधी केवळ या एका आकड्यावरून वाटला, तर पहिल्या तालुक्यास आणखी मनोरे मिळतील आणि दुसऱ्यास कदाचित प्रशिक्षण वर्ग. कौशल्याचा भार २० टक्केच का, ४० का नाही, याचे उत्तरही गणितात नाही. तो ठरविणाऱ्यांचा निर्णय आहे. आमच्या मते निर्देशांक छापताना त्याची तिन्ही अंगे शेजारी छापलीच पाहिजेत.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ही मोजणी आपल्या गावी करून पाहता येईल. वीस घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत. ओळखीची घरे निवडू नयेत. प्रत्येक घरी चालू मोबाइल किती, माणसे किती, आणि गेल्या तीन महिन्यांत इंटरनेट कोणी वापरले, हे विचारावे. तिसरा प्रश्न कुटुंबप्रमुखाने सर्वांच्या वतीने सांगितलेल्या उत्तरावर भागवू नये. घरातील आजीस, आईस व मुलीस तो स्वतंत्रपणे विचारावा आणि दोन्ही प्रकारची उत्तरे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावीत.