दगडखाणीची रास व शेजाऱ्याचें शेत

दख्खनच्या पठारावर काळा दगड विपुल आहे. रस्ते, पूल व घरें यांस खडी लागते, म्हणून डोंगराच्या कुशींत ठिकठिकाणीं खाणी चालतात. खाण चालविणें हा कांहीं अपराध नव्हे. परंतु खाणीचा दगड व मुरूम घरंगळत खालच्या शेतांत उतरला, म्हणजे काळी माती झांकली जाते, नांगराचा फाळ मोडतो, पाटाचें पाणी तुंबतें, आणि पुष्कळदां दोन घरांचें बोलणेंही बंद पडतें. अशा वेळीं पीडित मनुष्य गांवांतल्या लिहिणाऱ्यावाचणाऱ्याच्या दारीं येतो. वाचकहो, त्यास काय सांगावें, याचा हा पाठ आहे.

१. दगड खालीं कां येतात?

सुट्या दगडांची रास विशिष्ट उतारावरच स्थिर राहते. धान्याची रास करून पाहावी. अधिक उभट करूं गेल्यास दाणे आपोआप ओघळतात. याच कारणास्तव हिंदुस्थान सरकारनें धातूंच्या व दगडांच्या खाणींसाठीं १९६१ सालीं केलेल्या नियमांत, टाकाऊ मालाच्या राशीचा उतार ३७॥ अंशांहून अधिक नसावा असें घातलें. दुसरें कारण पाणी. पावसाळ्यांत रास भिजून जड होते, बारीक माती वाहून जाते आणि मोठे दगड निराधार होतात. तिसरें कारण सुरुंग. त्यानें दगड उडतात व रासही हादरते.

२. अॅबरफॅनचें उदाहरण

वेल्स देशांतील अॅबरफॅन या गांवाच्या माथ्यावर कोळशाच्या खाणीचा टाकाऊ माल रचलेला होता. सातवी रास १९५८ सालीं झऱ्यांवर घालण्यास आरंभ झाला. गांवकऱ्यांनीं भय प्रगट केलें, स्थानिक मंडळानें १९६३ सालीं पत्रेंही लिहिलीं. परंतु उपाय झाला नाहीं. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं सकाळीं ती रास खचून शाळेवर आली. १४४ जीव गेले. त्यांत ११६ मुलें होतीं. चौकशीमंडळानें १९६७ सालीं दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेविला. कोळशाचा गाळ व आपला काळा दगड एक नव्हेत. पण शिकवण एकच आहे. रास सरकूं लागली, कीं पहिल्या दगडाच्या वेळींच बोलावें.

३. न्याय काय सांगतो?

१८६८ सालीं इंग्लंडांतील रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यांत असें ठरलें कीं, सुटल्यास अपाय करील अशी वस्तु ज्यानें आपल्या जमिनीवर आणून सांठविली, त्यानेंच ती आवरून धरावी. न आवरल्यास नुकसानीस तो जबाबदार. तेथें वस्तु पाणी होती. १९२१ सालीं डोंगरउतारावरून घसरलेल्या खाणीच्या राशीसही हाच न्याय लावण्यांत आला. आमच्या न्यायालयांनींही हें तत्त्व मानलें आहे. तेव्हां “पावसानें दगड आले, आमचा काय दोष?” एवढ्या उत्तरानें खाणवाला सुटत नाहीं.

४. काय करावें?

(क) दगड हलविण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं. तारीख, किती गुंठे जमीन झांकली, कोणतें पीक गेलें, हें लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या.
(ख) हद्दीविषयीं वाद असल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करवावी.
(ग) खाणवाल्यास सौम्य शब्दांत पत्र लिहून तीन मागण्या कराव्या: दगड उचलावे, नुकसान भरून द्यावें, आणि राशीचा पायथा मागें घेऊन खालीं चर व भक्कम बांध घालावा. तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. ती राहिल्यास पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां तेंच होईल.
(घ) उत्तर न आल्यास ग्रामपंचायत व तहसीलदार यांस अर्ज देऊन पोंच घ्यावी. सुरुंगाचे दगड वस्तीवर पडत असल्यास पत्राची वाट न पाहतां पोलिसांस कळवावें.
(ङ) अतिक्रमणाच्या भरपाईचा दावा तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो. वकिलाचें सामर्थ्य नसल्यास तालुका विधि सेवा समितीकडे जावें. स्त्रिया, अनुसूचित जातिजमाती व अल्प उत्पन्नाचे लोक यांस तेथें विनामूल्य साहाय्य मिळतें.

५. काय करूं नये?

दगड परत खाणींत फेकूं नयेत. त्यानें मारामारी होते. ते परस्पर विकूंही नयेत. शेतांत पडल्यानें ते आपले होत नाहींत. वाचून घेतल्यावांचून कोणत्याही कागदावर सही वा अंगठा देऊं नये.

एक अडचण खरी आहे. ज्याच्या शेतांत दगड येतात, त्याचाच मुलगा कित्येकदां त्या खाणींत मजुरी करितो. काम जाईल या भयानें बाप गप्प बसतो. अशा वेळीं एकट्यास पुढें न करितां चार शेतकऱ्यांनीं मिळून अर्ज करावा. रास आवरा असें म्हणणें म्हणजे खाण बंद करा असें म्हणणें नव्हे. आवरलेल्या राशीखालीं मजूरही सुरक्षित राहतो.

विचारार्थ प्रश्न

१. पावसाळ्यांत रास अधिक धोक्याची कां होते?
२. पत्रांतील तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची कां?
३. आपल्या गांवावर अशी एखादी रास आहे काय? तिचा पायथा गेल्या वर्षीं कोठें होता व आज कोठें आहे?