उलटी लहर

नारळी पौर्णिमा झाली की वसईच्या पाचूबंदरावरून आणि अर्नाळ्याहून मासेमारीच्या बोटी खोल समुद्रात जातात. थोड्याच वेळात किनारा दिसेनासा होतो. चारी बाजूंना पाणीच पाणी! अशा वेळी बोट कोठे आहे हे तांडेलाला जीपीएसच्या छोट्या यंत्रावरून कळते. संकट आलेच, तर मदत मागण्यासाठीही एक यंत्र आहे. इस्रोने ते मच्छीमारांसाठी तयार केले आणि २०१० पासून ते वापरात आहे. त्याचे बटण दाबले की बोटीची ओळख व जागा उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्रात पोचते. तेथून ती तटरक्षक दलाला कळवली जाते. २०२४ मध्ये आलेल्या नव्या यंत्रात, निरोप मिळाल्याचे उत्तरही बोटीवर येते.

मुलांनो, बोटीची जागा हवेतून जाते कशी? समजा, बोट अर्नाळ्यासमोर १९ अंश २८ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. आपण फक्त २८ ही संख्या पाठवू. यंत्राला ० आणि १ हे दोनच अंक ठाऊक असतात. म्हणून त्याच्याकडे एकक, दशक अशी घरे नसतात. त्याची घरे ३२, १६, ८, ४, २ आणि १ अशी असतात. २८ म्हणजे १६, ८ आणि ४ यांची बेरीज. तेव्हा यंत्र लिहील : ०१११००.

आता हे अंक लहरीवर बसवायचे. लहरीला उर्दूत 'मौज' म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहेच. मराठीत मात्र मौज म्हणजे गंमत! आपल्याला येथे दोन्ही हव्या आहेत. आलेख कागद घ्या. एका लहरीसाठी आठ बिंदू मांडा. त्यांची उंची अशी : ०, ०.७, १, ०.७, ०, −०.७, −१, −०.७. बिंदू जोडले की लहर आधी वर जाते, मग खाली येते. ही झाली १ या अंकाची लहर. ० साठी तीच लहर उलटी काढा, म्हणजे आधी खाली, मग वर. प्रत्येक संख्येचे चिन्ह बदलले की झाले. उर्दू तुम्ही उजवीकडून लिहिता. आलेख मात्र डावीकडून काढायचा, जसे उर्दूतही आकडे डावीकडून लिहितात. लहरीवर असा निरोप चढवण्याला मॉड्युलेशन म्हणतात. लहर उलटवून ० आणि १ पाठवण्याच्या या रीतीला अभियंते 'बीपीएसके' म्हणतात.

कागदावर लहर सुबक दिसते, पण हवेतून येताना तिच्यात खरखर मिसळते. जुन्या रेडिओची खरखर ऐकली असेल, तर ही कशी असते ते समजेल. ती आपण लुडोच्या फाशांनी तयार करू. एक लाल आणि एक पांढरा फासा टाका. पांढऱ्यावरच्या आकड्यातून लालवरचा आकडा वजा करा व उत्तराला ५ ने भागा. आलेली संख्या लहरीच्या पहिल्या बिंदूत मिळवा. असे आठ वेळा करा. समजा, तुमच्या फाशांनी ०.४, ०.८, ०.६, −०.२, −०.६, −०.४, ०.२ आणि ० या संख्या दिल्या. ० या अंकाची उलटी लहर त्यांच्यात मिसळली, की हाती येते : ०.४, ०.१, −०.४, −०.९, −०.६, ०.३, १.२, ०.७. दुसरा बिंदू पाहा. तेथे −०.७ हवे होते, आले ०.१! एकट्या बिंदूवर विश्वास ठेवला असता, तर फसलो असतो.

म्हणून यंत्र आठही बिंदूंना विचारते. आलेली प्रत्येक संख्या ते १ च्या लहरीतील त्याच जागेच्या संख्येने गुणते आणि सर्व गुणाकारांची बेरीज करते. बेरीज धन आली तर १, ऋण आली तर ०. वहीत करून पाहा. उत्तर −२.८६ येईल. म्हणजे ०. खरखर असूनही निरोप बरोबर वाचला गेला.

आता खरखर चौपट करा. फाशांच्या त्याच संख्यांना ४ ने गुणून पुन्हा बेरीज मांडा. या वेळी उत्तर +०.४४ येते. बोटीने ० पाठवला होता, आपण १ वाचला. असेच १६ च्या घरातील १ च्या जागी ० वाचले गेले, तर २८ चे १२ होतील. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. सोळा मिनिटांची चूक म्हणजे जवळजवळ ३० किलोमीटर. बोट अर्नाळ्यासमोर बुडत असेल आणि शोध घेतला जाईल मनोरीच्या बाजूला! अशी चूक पकडता यावी म्हणून खऱ्या निरोपात तपासणीचे काही जादा अंकही घातलेले असतात.

दुसरा उपाय आहे धीराचा. एका अंकासाठी एकच लहर न पाठवता चार पाठवा. लहरीची बेरीज चौपट होते. खरखर मात्र कधी वर ओढते, कधी खाली, त्यामुळे तिची बेरीज सरासरीने दुप्पटच वाढते. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतो. त्याची लहर आपल्यापर्यंत पोचते तेव्हा खरखरीपेक्षाही क्षीण झालेली असते. तोही लहर उलटवण्याचीच युक्ती वापरतो. त्याची लहर सेकंदाला सुमारे १५७ कोटी ५४ लाख वेळा वरखाली होते, पण तेवढ्या वेळात निरोपाचे अंक जातात फक्त ५०. भागाकार करा. एका अंकाच्या वाट्याला तीन कोटींहून अधिक लहरी येतात!

इतके फासे कोण टाकणार? येथे संगणक कामाला येतो. समुद्र नाही, उपग्रह नाही, तरी त्यांची हुबेहूब नक्कल संगणकावर करता येते. याला सिम्युलेशन म्हणतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी यंत्र हाती घेण्याआधी हेच करतात. 'सायलॅब' आणि 'ऑक्टेव्ह' या प्रणाली त्यासाठी फुकट मिळतात. शाळेच्या संगणकावर हिशेबाचा साधा तक्ता असेल, तरी पुरे. एका स्तंभात लहर, दुसऱ्यात खरखर, तिसऱ्यात दोघींची बेरीज लिहा आणि तिन्हींचे आलेख एकाखाली एक काढा. तिसरा आलेख पाहून त्यात निरोप दडला आहे, असे कोणाला वाटणारही नाही. मग खरखर थोडी थोडी वाढवत जा आणि पहिली चूक कधी होते, ते लिहून ठेवा.

एका बोटीच्या निरोपातील सहा अंकांच्या बेरजा अशा आल्या आहेत : −३.१, +०.४, +४.६, +२.२, −३.७, −४.९. ही संख्या कोणती? यांपैकी कोणत्या अंकावर तुमचा भरवसा सर्वांत कमी आहे, आणि तो कितीच्या घरातला आहे?