समुद्रापासून दूर सागरी मत्स्यालय : दुर्ग-भिलाई परिसरासाठी माशांची योग्य निवड

दुर्ग आणि भिलाई ही शहरे मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलेली आहेत. समुद्र मात्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. शिवनाथ नदी, गावोगावचे तलाव आणि धानाची शेती ही या भागाची ओळख. येथील मत्स्यपालकाला कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली पारखणे नवीन नाही. घरात सागरी मत्स्यालय ठेवू इच्छिणारा नागरिक मात्र सल्ल्यासाठी त्याच्याकडे किंवा विस्तार कार्यकर्त्याकडे आला, तर तलावातील अनुभव जसाच्या तसा लागू पडत नाही. सागरी शोभिवंत मासे महाग असतात, लांबचा प्रवास करून येतात आणि निवड चुकल्यास थोड्याच आठवड्यांत दगावतात. म्हणून टाकी विकत घेण्यापूर्वीच माशांची यादी निश्चित करणे हिताचे ठरते.

स्थानिक परिस्थितीचा विचार

प्रवाळ परिसरातील माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान, ८.१ ते ८.४ सामू आणि प्रतिलिटर ३३ ते ३५ ग्रॅम क्षारता मानवते. अमोनिया व नायट्राइट यांचे प्रमाण शून्य असावे लागते. दुर्गचा मे महिना या माशांची खरी परीक्षा पाहतो. २५ अंश तापमानास गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे ६.७ मिलिग्रॅमच असतो. तापमान ३० अंशांवर गेल्यास हे प्रमाण सुमारे ६.२ मिलिग्रॅमपर्यंत उतरते. वीज गेल्यावर सागरी टाकीतील मासे लवकर गुदमरतात, ते यामुळेच. बॅटरीवर चालणारा हवापंप ही येथे चैन नसून गरज आहे.

कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा दिल्यास बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. पावसाळ्यातील दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. खोलीच तापत असेल, तर वातानुकूलन किंवा पाणी थंड करणारे यंत्र लागते. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, क्षार टाकीतच राहतात; म्हणून घटलेल्या पाण्याची भरपाई गोड्या शुद्ध पाण्याने करावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

टाकीची पूर्वतयारी

नवशिक्याने चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी घ्यावी. खडक व वाळू वजा जाता तीत सुमारे २०० लिटर पाणी राहते. लहान टाकी स्वस्त वाटते, परंतु तिच्यातील तापमान व क्षारता झपाट्याने बदलतात. एवढ्या पाण्यासाठी ७ ते ७.५ किलो कृत्रिम सागरी क्षारमिश्रण लागते. खाण्याचे मीठ हा त्याला पर्याय नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व इतर आवश्यक घटकांचे योग्य प्रमाण नसते. क्षारमिश्रण नळाच्या किंवा विंधन विहिरीच्या पाण्याऐवजी आरओ यंत्राच्या पाण्यात विरघळवावे.

पाणी तयार झाले तरी मासे लगेच सोडू नयेत. अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू खडक व वाळूवर स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात चाचणी संचाने पाणी तपासत राहावे.

निवडीचे पाच निकष

१. प्रौढ आकार : दुकानातील पिलाचा आकार न पाहता पूर्ण वाढलेल्या माशाचा आकार विचारावा. २०० लिटरच्या टाकीसाठी १० सेंटिमीटरच्या आतील जाती निवडाव्यात.

२. स्वभाव व वावर : मिश्र मत्स्यसंवर्धनात कटला वरच्या, रोहू मधल्या आणि मृगळ तळाच्या थरात वावरतो, हे शेतकरी बांधव जाणतातच. तेथे थरांची वाटणी खाद्यासाठी असते. मत्स्यालयात ती भांडणे टाळण्यासाठी उपयोगी पडते. एकाच थरात हद्द राखणारे दोन सारखे मासे ठेवल्यास दुर्बल मासा उपाशी राहतो.

३. आहार : मासा गोळीखाद्य किंवा गोठवलेली कोळंबी खातो काय, हे विक्रेत्यास समोर खाऊ घालण्यास सांगून पाहावे. न खाणारा मासा कितीही सुंदर असला तरी घेऊ नये.

४. उगम : शक्यतो हॅचरीत जन्मलेलाच मासा घ्यावा.

५. आरोग्य : श्वास संथ, डोळे स्वच्छ, पर अखंड आणि पोट भरलेले असावे. अंगावर पांढरे ठिपके असल्यास त्या टाकीतील एकही मासा घेऊ नये.

'निमो' चालेल, 'डोरी' नको

२००३ मधील प्रसिद्ध चित्रपटामुळे मुले हे दोन मासे नावाने मागतात. 'निमो' म्हणजे क्लाउनफिश. त्याच्या ऑसेलॅरिस जातीची लांबी साधारण ८ ते १० सेंटिमीटर होते, ती गोळीखाद्य घेते आणि तिचे हॅचरीत प्रजनन होते. निसर्गात हा मासा समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो. घरी त्याला समुद्रफुलाची गरज नसते आणि समुद्रफूल जगवणे माशाहून अवघड असते. 'डोरी' म्हणजे निळा टँग. दुकानात तो चार-पाच सेंटिमीटरचा दिसतो, परंतु पूर्ण वाढीनंतर ३० सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो आणि त्याला लांब पोहण्यासाठी मोठी जागा लागते. दोनशे लिटरच्या टाकीत त्याचे आयुष्य कष्टाचेच होते.

सुरुवातीस पुढील मासे योग्य ठरतात : ऑसेलॅरिस क्लाउनफिशची एक जोडी, हॅचरीतील बांगाई कार्डिनल, तळाशी राहणारा एखादा लहान गोबी आणि फायरफिश. फायरफिश उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण असावे. पिवळ्या शेपटीचा डॅमसेल काटक असला तरी हद्द राखतो. तो घ्यायचाच असल्यास एकच घ्यावा आणि सर्वांत शेवटी सोडावा. एकूण चार ते सहा लहान मासे पुरेत. दोन खेपांमध्ये तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवल्यास जिवाणूंना वाढीव भार पेलता येतो.

लायनफिशचे काटे विषारी असतात आणि तो लहान मासे गिळतो. मँडरिन मासा प्रामुख्याने सूक्ष्म जिवंत कवचधारी जीवांवर जगतो, नव्या टाकीत तो उपासमारीने मरतो. मूरिश आयडॉल, प्रवाळभक्षी फुलपाखरू मासे व मोठे एंजलफिश नवशिक्याने टाळावेत.

हॅचरीतील मासाच का?

आग्नेय आशियातील काही भागांत शोभिवंत मासे पकडण्यासाठी सायनाइडचा वापर झाल्याची नोंद आहे. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो व नंतर दगावतो. त्या विषाने प्रवाळही मरतात. बांगाई कार्डिनल ही इंडोनेशियातील जात तर अतिरिक्त पकडीमुळे संकटग्रस्त ठरली आहे. हॅचरीतील मासा बंदिस्त पाण्याला व तयार खाद्याला सरावलेला असतो. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश व डॅमसेल यांच्या अनेक जातींच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले आहे. त्यामुळे देशी हॅचरीतील मासा मागणे हे व्यवहार्य आहे.

समुद्रघोडे व प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ते विकत घेऊ नयेत. सजावटीसाठी मृत प्रवाळाऐवजी सिरॅमिकचे कृत्रिम खडक वापरावेत.

मासा घरी आणल्यावर

पिशवी बंद ठेवून टाकीच्या पाण्यावर तरंगवावी व तापमान जुळू द्यावे. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. नवा मासा तीन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत विलगीकरणात ठेवावा. तांबेयुक्त औषध लागल्यास ते याच टाकीत द्यावे. मुख्य टाकीत त्याने कोळंबी व इतर अपृष्ठवंशीय जीव मरतात.

शेतासाठी एक इशारा

दर पंधरवड्यास सुमारे १० टक्के, म्हणजे २० लिटर पाणी बदलावे लागते. या पाण्यात जवळजवळ ७०० ग्रॅम क्षार असतात. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता ५० डेसीसायमन प्रति मीटरहून अधिक असते, तर जमिनीची क्षारता ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेल्यावर धानाचे उत्पादन घटू लागते. हे पाणी परसबागेत, बांधावर, शेततळ्यात किंवा विहिरीजवळ कधीही ओतू नये. घरातील सांडपाण्याच्या बंद नळीतूनच सोडावे. नकोसा झालेला मासा तलावात सोडणे म्हणजे त्याला मारणेच होय. तो विक्रेत्यास परत करावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी सल्ला देताना प्रथम टाकीचे माप विचारावे, नंतर उन्हाळ्यातील खोलीचे तापमान व विजेची सोय, आणि शेवटी माशाचे नाव. या क्रमाने केलेली निवड माशाचा जीव व पाळणाऱ्याचा पैसा दोन्ही वाचवते.