‘के’वरून दहा शब्द

पालकहो,

तिसरी-चौथीच्या वहीत हमखास येणारा एक गृहपाठ आहे. ‘के’ या अक्षराने सुरू होणारे दहा इंग्रजी शब्द अर्थासह लिहा. काइट, किंग, किचन, की, किक इथवर पोचायला वेळ लागत नाही. पुढे अडलं की मोबाइल उघडला जातो, यादी पूर्ण होते, प्रत्येक शब्दापुढे एकेक मराठी अर्थ लिहिला जातो आणि वही दप्तरात जाते. तुम्ही दिवसभराच्या दगदगीनंतर मुलाशेजारी बसून हे करून घेता, कारण इंग्रजीमुळे आपलं लेकरू मागे पडू नये अशी काळजी तुम्हाला लागलेली असते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, म्हणजे ही काळजी मूल नीट मराठी वाचायला लागण्याआधीच घरात शिरते.

मला आज तुमच्याशी बोलायचंय ते शब्दापुढे लिहिलेल्या त्या एकेका अर्थाबद्दल.

‘कीप’ म्हणजे ठेवणे. अर्थ चुकीचा नाही. मूल तो पाठ करेल, चाचणीत लिहील, गुणही मिळेल. पण मग ‘पुस्तक टेबलावर ठेव’ हे इंग्रजीत सांगायची वेळ आली की ते बिनदिक्कत ‘कीप द बुक ऑन द टेबल’ म्हणतं. इंग्रजीत तिथे ‘पुट’ हवं. ‘माझ्यावर विश्वास ठेव’ याचं ते ‘कीप ट्रस्ट ऑन मी’ करतं, जिथे ‘ट्रस्ट मी’ एवढे दोनच शब्द पुरतात. ‘बाळाचं नाव काय ठेवलं?’ आणि ‘लोक नावं ठेवतील’ या दोन्ही ठेवण्यांना तर ‘कीप’ अजिबातच चालत नाही. वर्गात अशा वह्या मी रोज तपासते. शब्द पाठ नसलेल्या मुलांच्या चुका वेगळ्या असतात. या चुका शब्द पाठ असलेल्या, मेहनती मुलांच्या असतात, आणि म्हणून त्या मला जास्त लागतात.

आता उलट बाजूने बघा. ‘कीप क्वाएट’ म्हणजे गप्प बस. ‘कीप वॉकिंग’ म्हणजे चालत राहा. ‘कीप युअर प्रॉमिस’ म्हणजे दिलेला शब्द पाळ. ‘शी कीप्स हेन्स’ म्हणजे ती कोंबड्या पाळते. ‘कीप द चेंज’ म्हणजे सुटे राहू द्या. ‘द मिल्क वोन्ट कीप’ म्हणजे दूध टिकणार नाही, आजच संपवा. बसणे, राहणे, पाळणे, टिकणे असे एका शब्दासाठी मराठीला किती शब्द काढावे लागले! या सगळ्यांत एक धागा मात्र आहे: जे आहे ते सुटू द्यायचं नाही. मुलाला तो धागा सापडायला कोश लागत नाही. क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक पोराला ‘विकेटकीपर’ ठाऊक असतो. तो यष्टी ‘ठेवत’ नाही, राखतो. ‘गोलकीपर’ गोल राखतो. ‘कीप’चा आत्मा ‘ठेवणे’पेक्षा ‘राखणे’ या शब्दाच्या जास्त जवळ आहे, हे एकदा मुलाच्या लक्षात आलं की ‘कीप अ सीक्रेट’चा अर्थ त्याला कोणी सांगावा लागत नाही.

दुसरा शब्द ‘नो’ घ्या, ज्याच्या सुरुवातीला मुका ‘के’ आहे. वहीत अर्थ असतो: माहीत असणे. पण आपण मराठीत ‘मला पोहता येतं’ म्हणतो, ‘मी त्या काकूंना ओळखतो’ म्हणतो, ‘मला उत्तर माहीत आहे’ म्हणतो. इंग्रजी या तिन्ही ठिकाणी ‘नो’ वापरू शकते: ‘आय नो हाऊ टू स्विम’, ‘आय नो हर’, ‘आय नो दी आन्सर’. पोहण्याच्या वाक्यात ‘हाऊ टू’ का आलं, हे मुलाला मराठी वाक्य शेजारी ठेवूनच समजतं, कारण आपलं काम ‘येणं’ या एका क्रियापदाने भागतं. आणखी एक खोड आपल्याकडे मोठ्यांनाही आहे, ती म्हणजे ‘आय अॅम नोइंग’ म्हणण्याची. ‘मी धावतोय’ याचं ‘आय अॅम रनिंग’ होतं, म्हणून हेही तसंच असेल असं वाटतं. पण ‘मला माहीत होतंय’ असं आपणही म्हणत नाही. मुलाला एवढंच विचारा, ‘मराठीत असं म्हणशील का रे?’ या एका वाक्याबाबत तरी मराठी कानच त्याला वाट दाखवेल.

तुमच्यापैकी अनेकजण मला सभेत बाजूला घेऊन सांगता, ‘बाई, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय घेणार अभ्यास?’ वरच्या दोन शब्दांत मी जे केलं त्याला इंग्रजी किती लागलं आणि मराठी किती लागली, ते तुम्हीच पाहा.

मुका ‘के’ आलाच आहे, तर त्यावर थोडं थांबू. नाइफ, नी, नॉक, नॉट, नाइट, नो, या सगळ्यांत ‘के’ लिहायचा आणि बोलायचा नाही. मुलं विचारतात, ‘बोलायचा नाही तर लिहायचा कशाला?’ आणि आपण म्हणतो, ‘इंग्रजीला काही नियमच नाहीत, पाठ कर.’ प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तरही आहे. एके काळी तो ‘के’ खरोखर बोलला जायचा. इंग्लंडमध्ये साधारण सतराव्या शतकापर्यंत लोक ‘क्नी’, ‘क्नाइट’ असाच उच्चार करत होते. पुढे तोंडातला ‘क’ गळाला, पण छापखान्यांमुळे स्पेलिंग तोवर पक्की होऊन बसली होती. जर्मनीत गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतात, ‘क’चा उच्चार करून. आणि हे फक्त इंग्रजीचंच वैशिष्ट्य नाही. ‘ज्ञान’ लिहिताना आपण ज आणि ञ जोडतो, बोलताना ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदी माणूस ‘ग्यान’ म्हणतो. मुलाला हे दाखवलंत तर इंग्रजी हा आपल्याला छळायला केलेला विषय आहे हे त्याच्या डोक्यातून निघून जाईल.

‘ज्ञान’चं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. इंग्रजी ‘नो’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ हे एकाच प्राचीन मुळातून आलेले शब्द आहेत. ‘नी’ म्हणजे गुडघा, आणि आपल्या ‘आजानुबाहू’मध्ये, म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात अशा माणसाच्या वर्णनात, जो ‘जानु’ आहे तो त्याच ‘नी’चा नातलग. ‘किन’ म्हणजे नातेवाईक, गणगोत. त्याचं मूळ आपल्या ‘जन’ आणि ‘जन्म’ या शब्दांच्या मुळाशी एक आहे. संस्कृतात जिथे ज, तिथे इंग्रजीत क, असं हे नातं नियमाने दिसतं. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचं मूळ एक असावं असं मांडलं, आणि याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये असे ध्वनिबदल कोणत्या नियमाने होतात ते लिहून ठेवलं. परीकथांच्या संग्रहामुळे जगाला माहीत असलेल्या ग्रिम बंधूंपैकीच हा एक. नुसतं सारखं ऐकू आलं म्हणून नातं जोडू नका, तसे फसवे शब्दही पुष्कळ आहेत. पण ज-क ही जोडी पक्की आहे. सहावी-सातवीच्या मुलाला ती सांगून बघा, त्याचे डोळे मोठे होतात.

‘किन’चा पसारा याच अक्षराखाली आणखी आहे. ‘काइंड’ शब्दाचे वहीत दोन अर्थ असतात, प्रकार आणि दयाळू, आणि ते मुलाला एकमेकांशी अगदी असंबद्ध वाटतात. दोन्ही ‘किन’कडूनच आले. एका कुळातले, एका जातीचे म्हणून ‘प्रकार’. आणि आपल्या माणसाशी जसं सहजपणे वागावं तसं वागणारा म्हणून ‘दयाळू’. वापरताना मात्र नीट पाहायचं. ‘शी इज काइंड टू मी’ म्हणतात, ‘विथ मी’ नाही. ‘किंग’सुद्धा बहुतेक कोशकारांच्या मते याच घरातला, कुळाचा प्रमुख या अर्थी. बालवाडीला आपण ज्या ‘केजी’ नावाने ओळखतो, त्यातलं ‘किंडरगार्टन’ हा तर थेट जर्मन शब्द. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या शाळेला ते नाव दिलं, मुलांची बाग या अर्थाने. बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा आपल्याकडे बालवाडी हा शब्द रुजला. वाडी म्हणजे आपली बागच की.

स्पेलिंगचं एक सोपं सूत्र आज घरी नेण्यासारखं आहे. ‘क’ ऐकू आला तर सी लिहायचा की के? ए, ओ, यू यांच्या आधी बहुतेक वेळा सी येतो: कॅट, काऊ, कप. ई आणि आय यांच्या आधी के येतो: कीप, की, किंग, किड. कारण ई-आयच्या आधी सी आला की त्याचा ‘स’ होतो, जसा ‘सिटी’त होतो. म्हणून मांजरीच्या स्पेलिंगमध्ये सी आणि तिच्या पिल्लाच्या, ‘किटन’च्या, स्पेलिंगमध्ये के. आता ‘के’ची यादी पुन्हा बघा. ‘के-ए’, ‘के-ओ’ने सुरू होणारे बहुतेक शब्द परदेशांतून इंग्रजीत आलेले सापडतील: कराटे, कोआला, कर्मा, कबड्डी.

कांगारूही त्यांतलाच. ‘मला माहीत नाही’ असं तिथल्या माणसाने म्हटलं आणि गोऱ्यांनी तेच प्राण्याचं नाव समजलं, ही गोष्ट कृपा करून मुलांना खरी म्हणून सांगू नका. ती खोटी आहे. १७७० मध्ये कॅप्टन कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर दुरुस्तीला थांबलं, तेव्हा तिथल्या गूगू यिमिथिर भाषेतला एका जातीच्या कांगारूचा ‘गंगुरू’ हा शब्द खलाशांनी ऐकला. एका समाजाला त्याच्या स्वतःच्या भाषेत उत्तर देता आलं होतं. मुलांना ते तसंच कळलं पाहिजे.

बाकीचे शब्द भराभर. ‘किड’ मुळात करडू. मूल या अर्थी तो बोलण्यात चालतो, निबंधात ‘चाइल्ड’ लिहावं. ‘नॉट’ म्हणजे गाठ आणि जहाजाच्या वेगाचं मापही: तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. पूर्वी खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून हातातून किती गाठी सरकल्या ते मोजत, म्हणून मापाचं नाव गाठ. ‘काइट’ आधी घार होती, पतंग नंतर झाली, कारण दोन्ही वाऱ्यावर तरंगतात. ‘खाकी’ हा फारसी ‘खाक’, धूळ, यावरून आपल्या उपखंडातून इंग्रजीत गेला, आणि आपली खिचडी ‘केजरी’ होऊन, मासे आणि अंडी पोटात घेऊन, इंग्रजांच्या न्याहारीला बसली.

आता घरी काय करायचं. यादीचा गृहपाठ शाळेने दिला असेल तर तो होऊ द्या, शाळेशी वाद घालायला मी सांगत नाही. पण कोशात शब्द अक्षरांप्रमाणे लावलेले असतात ते शोधायला सोपे जावेत म्हणून. इंग्रजीचा पहिला वर्णानुक्रमी कोश रॉबर्ट कॉड्री यांनी १६०४ मध्ये काढला तोही शोधण्याच्या सोयीसाठीच. त्याच क्रमाने शब्द शिकले पाहिजेत असं त्यामुळे ठरत नाही. उलट ‘नी’, ‘नो’, ‘न्यू’ असे सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे गठ्ठे एकाच दिवशी पाठ केले की मुलं त्यांची अदलाबदल करतात. म्हणून दहातला एक शब्द निवडा आणि दोन-तीन दिवस त्याच्याबरोबर राहा. अर्थ लिहायच्या जागी दोन वाक्यं लिहू द्या, घरातली, खरी: आजीबद्दल, शेजारच्या कुत्र्याबद्दल, काल फुटलेल्या कपाबद्दल. ‘माय आजी कीप्स हर की अंडर द पिलो’ हे वाक्य मूल विसरत नाही, कारण आजीची किल्ली खरोखरच उशीखाली असते.

जमलं तर इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या जोडीला एक ‘लर्नर्स डिक्शनरी’ घरात आणा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांसाठी, हा प्रकार घडवला. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये छापला. त्यात शब्दाच्या अर्थाबरोबर त्याच्या पुढेमागे कोणते शब्द येतात ते वाक्यांतून दिलेलं असतं, आणि नेमकं तेच आपल्या वह्यांत नसतं. पैसे नसतील तर शाळेच्या कपाटातली प्रत मागा. पुष्कळ शाळांत ती असते आणि धूळ खात असते.

एक विनंती शेवटची. मूल इंग्रजी वाक्य बोलत असताना मध्येच थांबवून ‘चुकलं’ म्हणू नका. वाक्य संपू द्या, मग तेच वाक्य बरोबर करून तुम्ही म्हणा, किंवा दोघं मिळून कोशात बघा. आणि तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर मुलाला सांगा, ‘मला हे येत नाही, तू शिकलास की मलाही सांग.’ मग ते सांगेल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.