एकेक तुळई

वाचन : 2 राजे 6:1-7

राहायची जागा अपुरी पडू लागली तेव्हा अलीशाबरोबरच्या शिष्यांनी यार्देनेकाठून प्रत्येकी एकेक तुळई आणायचे ठरवले. एकाकडे तर स्वतःची कुऱ्हाडही नव्हती. तो ती उसनी मागून कामाला आला. ती पाण्यात पडली, तेव्हा देवाने ती वर आणली.

दोन खांबांवरच्या तुळईवर भार आला की तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. म्हणून काँक्रीटच्या तुळईत मुख्य सळया तळाशी घालतात. पण तुळई कितीही भक्कम असो, एक खांब खचला की ती कोसळते.

आपल्या सेवाकार्याचे एक टोक दान-प्रार्थनेवर टेकले आहे, दुसरे पाड्यावरच्या बांधवांवर. त्यांना केवळ घेणारे समजू नये, असे मला वाटते. उसनी कुऱ्हाड घेऊन येणाऱ्यालाही तुळई तोडू द्यावी.