जाळ्यातली बारीक मासळी आणि कोंबडीचं खाद्य



मक्यापासून इथेनॉल व्हायला लागल्यापासून खाद्याची गोणी महाग झाली. आपल्या घरच्या बायकांचा अंड्यांचा पैसा त्यातच जातोय. पण कारंजा धरणावर आणि भीमेवर विकली न जाणारी बारीक मासळी आपल्याकडे आहे. ज्वारी शेतात आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये जीआय मिळालं, त्याच डाळीच्या मिलमध्ये चुनी मिळते.

घरच्या अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी १० किलोचं मिश्रण:

- ज्वारीची भरड ३ किलो
- मक्याची भरड अडीच किलो
- सोयाबीन पेंड दीड किलो
- तुरीची चुनी १ किलो
- गव्हाचा कोंडा अर्धा किलो
- सुक्या मासळीची पूड अर्धा किलो
- शिंपल्याचा चुरा ९०० ग्रॅम
- मिनरल मिक्स्चर १०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम

यात प्रोटीन साधारण १७ टक्के बसतं. एका कोंबडीला दिवसाला ११० ग्रॅम धरा, म्हणजे १० कोंबड्यांना ९ दिवस पुरतं.

आता नीट लक्ष द्या.

१) मासळी कच्ची घालू नका. उकळा, कडक उन्हात कुरकुरीत वाळवा, मग दळा. कच्च्या मासळीतून रोग येतो, आणि काही मासे कोंबडीचं बी-१ जीवनसत्त्व मोडतात.

२) फुकट आहे म्हणून मासळी वाढवू नका. जास्त झाली की अंड्याला वास मारतो. एकदा वास आला की गिऱ्हाईक परत येत नाही. बाजारची खारवलेली सुकट वापरली तर वरचं मीठ बंद करा.

३) ज्वारीत पिवळा रंग नसतो, बलक फिका पडतो. म्हणून मका पूर्ण काढू नका, रोज मूठभर शेवग्याचा पाला टाका.

४) एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. शिंपले कमी पडले तर कवच पातळ होतं. पण हे मिश्रण पिल्लांना देऊ नका, एवढ्या कॅल्शियमनं त्यांची किडनी खराब होते.

५) कच्चं सोयाबीन पचत नाही, पेंडच घ्या. बुरशी लागलेला दाणा, पेंड फेकून द्या.

जुनं खाद्य एकदम तोडू नका. आठवडाभर थोडं थोडं बदला आणि रोजची अंडी वहीत लिहा. अंडी घटली तर जुन्या खाद्यावर या आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा. खर्च वाचला की नाही, ते वहीच सांगेल.