महाकाय अश्वपुच्छ

चिली देशातील अटाकामा हे अत्यंत रुक्ष वाळवंट होय. तरीही तेथील नदीकाठी ‘एक्विसीटम जायगँटियम’ ही अश्वपुच्छ वनस्पती 5 मीटरपर्यंत वाढते. खारट पाणीही तिला सोसते. जमिनीतील सिलिका शोषल्याने तिचे पोकळ, कांडेदार खोड खरखरीत लागते. पाने इवलीशी, म्हणून अन्न हिरवे खोडच तयार करते. तिला फुले नाहीत, बीही नाही. शंकूंतून सूक्ष्म बीजुके उडतात; ती ओल्या मातीतच रुजतात. पुढे भूमिगत खोड पसरत जाऊन दाट बन होते.

सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी दलदलींत तिचे आप्त, कॅलॅमाइट वृक्ष, 20 मीटरांपर्यंत वाढत. ते लुप्त झाले. त्यांच्या अवशेषांचा अंश दगडी कोळशात उरला. कोळशाचा काळा तुकडा हाती घ्याल तेव्हा नदीकाठच्या ह्या हिरव्या आप्तांचे स्मरण अवश्य करा!